लिफ्टचा प्रसंग

ताई काय काम करते असं कोणी विचारलं की आई म्हणायची, "काही नाही हो, सिनेमे बघते आणि वर पगार घेते." यात आईचा दोष नव्हता. ताईचं काम समजावून सांगणं खरोखरच अवघड होतं. ती सिनेमा बघत नसे, सिनेमा बघणाऱ्या माणसांना बघत असे.

सिनेमा अजून अर्धाकच्चा असतो, गाण्यांचं काम बाकी असतं, काही ठिकाणी रंगही धड नसतात, अशा वेळी निर्माते ताईच्या कंपनीकडे येत. कंपनी शहरातल्या वीस-पंचवीस लोकांना बोलावून तो सिनेमा दाखवी, आणि मग त्यांना दोन खोल्यांत बसवून, चहा-बिस्किटं देऊन विचारी, बोला, कसा वाटला? एका खोलीत ताई हे विचारायची. खोलीच्या एका भिंतीला मोठा आरसा होता. त्या आरशामागे अंधारात दिग्दर्शक आणि त्याची माणसं बसलेली असत. त्यांना खोलीतलं सगळं दिसे, ऐकू येई. लोकांना हे आधीच सांगितलेलं असे, पण दुसरा कप चहा होईपर्यंत सगळे ते विसरून जात आणि बायका त्याच आरशात बघून केस सारखे करत.

या कामाचे काही नियम होते. आपलं मत सांगायचं नाही. मान डोलवायची नाही. कोणी कितीही शहाणं किंवा कितीही खुळचट बोललं तरी चेहरा कोऱ्या भिंतीसारखा ठेवायचा. जोडपं आलं तर दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवायचं, कारण नवरा काय म्हणतो हे बघून बायको बोलते, आणि बायको काय म्हणेल या धास्तीने नवरा बोलतच नाही. घरची माणसं तर बोलवायचीच नाहीत.

आणि शेवटचा नियम ताईने स्वतःच शोधून काढलेला होता. माणूस बोलायचा थांबला की लगेच पुढचा प्रश्न विचारायचा नाही. नुसतं त्याच्याकडे बघत राहायचं. ती शांतता कोणालाही सोसत नाही. ती भरून काढायला माणूस पुढे बोलतो, आणि जे बोलायचं त्याने ठरवलेलं नसतं नेमकं तेच बोलून जातो. ऑफिसात सगळे म्हणत, ताई दगडालाही बोलतं करेल.

ताईची धाकटी बहीण, जिला घरात सगळे छोटीच म्हणत, दातांच्या कवळ्या बनवायची. एका जुन्या इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर तिची कार्यशाळा होती. लहानपणापासून तिला दमा, त्यामुळे जिना चढणं जमायचं नाही आणि बंद जागेत तर जीव घाबराघुबरा व्हायचा. तरी लिफ्टने जायची बिचारी, डोळे मिटून, एका हातात दम्याचा पंप घट्ट धरून.

याच छोटीचं आता लग्न ठरलं होतं. लग्न व्हायच्या आधीच आई त्याला जावईबापू म्हणू लागली होती, आणि मग सगळेच म्हणू लागले. जावईबापू बस कंपनीत होते. कोणती गाडी कुठल्या थांब्यावर कधी पोहोचेल आणि तिला पुढची गाडी कुठे गाठता येईल, अशी वेळापत्रकं बसवणं हे त्यांचं काम. माणूस शांत, नीटनेटका. चहा घेतला की कप स्वतः विसळून ठेवणारा. आईला आणखी काय हवं?

त्यांची आणि छोटीची गाठ कशी पडली ही गोष्ट आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. आधी पुस्तकांच्या दुकानात दोघांनी एकाच पुस्तकाला हात घातला. मग छोटी बसमध्ये छत्री विसरली आणि ती छत्री द्यायला कोण यावं, तर हेच. आणि तिसऱ्यांदा ती लिफ्ट. आईच्या गोष्टीतला हा सगळ्यात आवडता भाग. सांगताना ती पदराने डोळे टिपायची.

"लिफ्ट मध्येच अडकली हो. ही एकटी, पंप वर टेबलावर राहिलेला. आणि आत दुसरं कोण, तर हे. घंटा बिघडलेली. पण यांनी हिला खाली वर्तमानपत्रावर बसवलं, श्वास मोजत मोजत घ्यायला लावला. देवासारखा माणूस. आणि पाण्याच्या बाटल्या, त्याही दोन होत्या त्यांच्याकडे. नशिबात असलं ना, की पाणीसुद्धा दोघांपुरतं असतं."

तेव्हापासून छोटी लिफ्टमध्ये एकटी जातच नसे. रोज संध्याकाळी जावईबापू तिला न्यायला वर येत. त्यांचा हात धरला की भीती वाटत नाही, असं ती सांगायची. ताईलाही ते ऐकून बरं वाटायचं. नाही कशाला म्हणा.

*

मग एक सिनेमा आला तेव्हा माणसं कमी पडली. बोलावलेल्यांपैकी बरेच जण आलेच नाहीत. साहेब म्हणाले, "कोणालाही बोलवा, पण खुर्च्या भरा." ताईने नाइलाजाने घरी फोन केला आणि छोटी म्हणाली, "आम्ही दोघं मोकळेच आहोत. येतो." ताईने नियम मोडला तो एवढाच. बाकी सगळं नियमाप्रमाणे झालं. छोटी दुसऱ्या खोलीत बसली आणि जावईबापू ताईच्या.

सिनेमा प्रेमाचा होता, हसरा होता. एका तरुणाला एक मुलगी आवडते. मुलीचा नशिबावर फार विश्वास. मग हा तरुण तिच्या येण्याजाण्याच्या वेळा शिकून घेतो आणि जिथे तिथे अचानक भेटतो. ती म्हणते, हे विधिलिखितच. शेवट दोन प्रकारे करून ठेवला होता. एकात तिला सगळं कळतं आणि ती रागावून, हसून माफ करते. दुसऱ्यात तिला कधीच कळत नाही. कोणता ठेवायचा हे लोकांच्या मतावर होतं.

"मला सांगा," एका निवृत्त मास्तरांनी सुरुवात केली, "योगायोगाला काही मर्यादा? माझ्या आयुष्यात एकच योगायोग झाला, माझं लग्न. तोही वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून."

सगळे हसले. एक नर्सबाई होत्या, त्या नाही हसल्या. "मला आवडला सिनेमा," त्या म्हणाल्या. "पण तो तिच्या मागे मागे फिरतो ते हसण्यावारी का नेलंय कळलं नाही. माझ्या मागे कोणी असा फिरला असता तर मी सरळ पोलिसांत गेले असते."

"तो देखणा आहे म्हणून चालतंय, बाई," कोपऱ्यातला शिंपी म्हणाला. माणूस मोठा बोलका होता, स्वतःच्या टकलावरून हात फिरवत बोलायचा. "त्याच्या जागी मला घातलं ना, तर हाच सिनेमा भुताचा होईल."

या वेळी नर्सबाईसुद्धा हसल्या. ताईचा चेहरा कोराच होता. तिने विचारलं, "लिफ्टच्या प्रसंगाबद्दल कोणाला काही बोलायचंय?"

सिनेमातही लिफ्ट होती. तरुण आणि मुलगी लिफ्टमध्ये असताना वीज जाते, असा प्रसंग. तो बघताना ताईला घरचीच गोष्ट आठवली होती आणि ती अंधारात जराशी हसलीही होती.

"मला तिथे सिनेमा पडल्यासारखा वाटला." जावईबापू तोवर गप्प होते. आता ते पुढे सरकून बसले. "वीज जाणं हे काही पटत नाही. बाकी सगळं तो स्वतः जुळवून आणतो, आणि ऐन वेळी नशिबावर सोडून देतो? असा माणूस असं करणार नाही."

ताई नेहमीप्रमाणे गप्प राहिली. सवयच ती. तिने नुसतं त्यांच्याकडे बघितलं.

"लिफ्ट थांबवणं अवघड नसतं," जावईबापू म्हणाले. "जुन्या लिफ्टला आतून सरकतं दार असतं. ते नीट लागलेलं नसलं की लिफ्ट चालत नाही. चालत्या लिफ्टचं दार बोटभर सरकवलं की ती जागच्या जागी थांबते. मग दाराच्या खाचेत पुठ्ठ्याची घडी बसवायची. दाराला पाठ लावून उभं राहिलं की कोणाला दिसतही नाही. पुठ्ठा काढला की लिफ्ट चालू."

खोलीत सगळे कौतुकाने ऐकत होते.  ताईने काहीतरी विचारायला हवं होतं, विषय बदलायला हवा होता, पण तिला सुचेना, आणि तिच्या त्या न सुचण्याचीही शांतताच झाली.

"आणि पाणी हवं," जावईबापूंनी ती भरून काढली. "घाबरल्यावर मुलीच्या घशाला कोरड पडते. आपल्या बाटलीतलं उष्टं पाणी ती पिणार नाही. बाटल्या दोन हव्यात. ज्याला एवढं सुचत नाही त्याने प्रेम केलंय यावर माझा विश्वास बसत नाही."

"साहेब," शिंपी म्हणाला, "तुम्ही बऱ्याच लिफ्ट अडकवलेल्या दिसतात."

खोली हसली. जावईबापूही हसले, पण सगळ्यांच्या नंतर. त्यांनी एकदा आरशाकडे बघितलं, मग ताईकडे. ताईचा चेहरा कोरा होता. इतक्या वर्षांची सवय कामी आली. "आणखी कोणाला काही?" तिने विचारलं, आणि आवाज अजिबात हलला नाही.

बाहेर छोटी डोळे पुसत उभी होती. "आमच्या खोलीत सगळे रडलो ग, ताई. सगळ्यांचं एकच मत, तिला कळताच कामा नये."

जावईबापूंनी छोटीची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. "ताई चर्चा फार छान घेतात," ते म्हणाले. "माणूस भान हरपून बोलतो."

*

त्या दिवसापासून ताईच्या जिवाला घोर लागला. जेवताना घास तोंडात फिरायचा. छोटी घरात गाणं गुणगुणत फिरली की ही उठून दुसऱ्या खोलीत जायची. सांगायचं तर काय सांगायचं? एका माणसाने सिनेमाबद्दल मत दिलं, एवढंच. शिवाय तो म्हणेल, आमच्याच लिफ्टची आठवण झाली म्हणून रंगवून सांगितलं. खरंही असेल तसं. ताई दिवसातून दहा वेळा स्वतःला समजवायची की खरं असेल तसं, आणि दहाही वेळा तिला त्या दोन बाटल्या आठवायच्या. बाटल्यांचं काही नाही. पण दमा असलेली पोरगी, तिचा पंप वर टेबलावर, आणि दाराला पाठ लावून उभा असलेला माणूस तिचे श्वास मोजतोय.

एका संध्याकाळी ती बसथांब्यावर आली तर बाकावर जावईबापू बसलेले.

"योगायोग बघा," ते म्हणाले आणि सरकून त्यांनी तिला जागा दिली.

ताई बसली. ते पुढे काहीच बोलले नाहीत. रस्त्याकडे बघत, हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसून राहिले. समोरच्या दुकानदाराने दिवे लावले. एक गाडी आली, गेली. जावईबापू गप्पच. ताईला वाटलं आपला श्वास त्यांना ऐकू जात असेल.

"लिफ्ट तुम्ही थांबवली होती," ती म्हणाली.

जावईबापूंनी हळूच मान वळवली. "मी सिनेमाबद्दल बोललो, ताई."

आणि पुन्हा गप्प.

"मी छोटीला सांगणार आहे."

ते नुसते बघत राहिले, शांत, जणू आणखी काही ऐकायला मिळेल याची खात्रीच होती.

"रविवारी सांगणार आहे," ताईच्या तोंडून निघून गेलं. "आई बाहेर गेली की."

बोलून झाल्यावर तिला कळलं की तिच्याच हत्याराने तिला कापलं होतं. जन्मभर लोकांना जे केलं ते आज कोणीतरी तिला केलं, आणि तेही एकदाच बघून शिकून.

"बरं," जावईबापू म्हणाले आणि उठले. "ही तुमची गाडी. आज जरा उशिरा आली."

रविवारी आई बाहेर गेली. ताई छोटीच्या खोलीत गेली तर छोटी पलंगावर ताठ बसलेली, डोळे सुजलेले.

"माहीत आहे तू काय सांगणार ते," ती म्हणाली. "त्याने मला सगळं सांगितलं. पुस्तकांच्या दुकानात तो मुद्दाम आला होता. छत्रीही त्यानेच उचलली होती. रडला ग तो सांगताना. म्हणाला, हवं तर लग्न मोड, पण तुझ्याशी खोटं नको."

"आणि लिफ्ट?"

"लिफ्ट खरीच अडकली होती. तो म्हणाला, दोनदा मी नशिबाला ढकललं, तिसऱ्यांदा नशीब स्वतः आलं." छोटीने नाक पुसलं. "आणि हेही म्हणाला की ताई लिफ्टबद्दलही म्हणेल. तिच्या खोलीत मी काहीतरी बडबडलो ते तिने मनावर घेतलंय."

"छोटे, तो तिथे जे बोलला ते ऐक तरी."

"नको. माझ्यासाठी आजवर कोणी एवढी खटपट केली होती?" छोटीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "ताई, तू जन्मभर दुसऱ्यांची मतं ऐकत आलीस. तुला स्वतःचं मत कधी होतं? आज एकदम कुठून आलं, आणि तेही माझ्याच लग्नाच्या वेळी?"

 त्या दिवसापासून दोघी एका घरात राहून पाहुण्यांसारख्या वागू लागल्या. "मीठ दे," "दार लाव," एवढंच बोलणं. आईला वाटलं मोठीला धाकटीचं सुख बघवत नाही, आणि तिने ते एकदा बोलूनही दाखवलं. जावईबापू मात्र पूर्वीसारखेच येत, कप विसळून ठेवत, आणि जाताना "येतो, ताई" असं म्हणत दारात क्षणभर थांबत. ताई काही बोलते का याची वाट बघत थांबत.

*

लग्नाची तारीख जवळ येत चालली होती तेव्हा ऑफिसात त्या सिनेमाचा दाढीवाला दिग्दर्शक आला. तो भलताच खुशीत होता. आरशामागे बसून त्याने तो पुठ्ठा आणि त्या बाटल्या ऐकल्या होत्या, आणि लिफ्टचा प्रसंग तसाच नव्याने चित्रित करून घेतला होता.

"पण आमच्यातच दोन तट पडलेत," तो ताईला म्हणाला. "काही जण म्हणतात, अशाने मुलगा वाईट दिसतो, जुनाच ठेवा. तुम्ही एवढी वर्षं लोकांना ऐकताय. तुमचं मत काय?"

ताई बराच वेळ काही बोलली नाही. ही शांतता मात्र कामाची नव्हती. या नोकरीत तिला तिचं मत कोणी विचारलंच नव्हतं. घरी सांगायची आणखी एकच वाट उरली होती, आणि ती वाट एखाद्या अंधाऱ्या थिएटरातून जात होती. छोटीला ती काही बोलून पटवू शकत नव्हती, पण दाखवू शकत होती.

"नवा ठेवा," ती म्हणाली. "पुठ्ठाही ठेवा, दोन बाटल्याही ठेवा. आणि तो दाराला पाठ लावून उभा राहील तेही दिसू द्या."

"लोक हसतील?"

"हसतील," ताई म्हणाली. आणि ते खरंच होतं.

सिनेमा लागायच्या आधी एक खास खेळ ठेवला गेला. मत द्यायला आलेल्या सगळ्यांना बोलावणं होतं. छोटी कदाचित आलीही नसती, पण आईने हट्ट धरला. "तुम्हा दोघांची मतं घेतलीत त्या सिनेमात, आणि बघायचा नाही म्हणजे काय?"

थिएटर एका जुन्या व्यापारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. मधोमध जाळीच्या पिंजऱ्यातून वर-खाली करणारी लिफ्ट आणि तिच्याभोवती गोल गोल फिरत जाणारा जिना. छोटी जावईबापूंचा हात धरून, डोळे मिटून लिफ्टने वर आली.

दुपारचा खेळ होता. आत ताई, मग आई, मग छोटी, मग जावईबापू, असे बसले. पुढच्याच रांगेत तो टकला शिंपी सहकुटुंब आला होता.

लिफ्टचा प्रसंग आला. पडद्यावरच्या तरुणाने दाराला पाठ लावली, मागे हात नेला, बोटभर दार सरकवलं. लिफ्ट थांबली. खिशातून पुठ्ठ्याची घडी निघाली आणि खाचेत बसली. थिएटर हसायला लागलं. मुलगी घाबरली, छाती दाबून खाली बसली, आणि तरुणाने चेहरा भाबडा करत झोळीतून पाण्याची एक बाटली काढली, मग दुसरी. थिएटर हसून हसून कोसळलं. आईसुद्धा हसली, आणि हसता हसता मध्येच थांबली.

पुढच्या रांगेतला शिंपी वळून बघत होता. चेहऱ्यावर पुरस्कार त्यालाच मिळाल्यासारखा आनंद.

"साहेब, तुमचा पुठ्ठा घेतला की हो त्यांनी," तो जावईबापूंना म्हणाला. "आणि बाटल्याही. मी घरी तेव्हाच सांगितलं होतं, असलं डोकं दुसऱ्या कोणाचं चालणार नाही."

"तुम्ही पुढे बघा," जावईबापू हळू आवाजात म्हणाले.

ताईने आईच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. पडद्याचा उजेड छोटीच्या चेहऱ्यावर पडला होता. ती हसत नव्हती. रडतही नव्हती. कवळी बसते की नाही हे तपासताना ती जशी टक लावून बघायची तशी ती पडद्यावरच्या त्या दोन बाटल्यांकडे बघत होती. आणि जावईबापू पडद्याकडे बघतच नव्हते. ते छोटीकडे बघत होते. सिनेमा संपेपर्यंत त्यांनी मान हलवली नाही.

शेवटी त्या मुलीला काहीच कळलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर लिफ्टपाशी जावईबापू दार धरून उभे होते. आई आत शिरली होती.

"चल," ते म्हणाले.

"मी जिन्याने येते," छोटी म्हणाली.

"दम लागेल तुला."

"लागू दे."

"अगं, काय वेडेपणा," आई आतून म्हणाली. पण जावईबापूंनी वाद घातला नाही. त्यांनी दार ओढून घेतलं आणि लिफ्ट निघाली.

छोटी जिना उतरू लागली. ताई तिच्या मागे. छोटीने मागे न बघता हात मागे केला आणि ताईने तो धरला. तो गार पडला होता. वरून सगळा जमाव उतरत होता आणि सगळे सिनेमाबद्दलच बोलत होते. "छान होता, नाही?" "मला ती गाणी नाही आवडली." "नशिबात असलं की कोणी अडवू शकत नाही बघ." "आमच्या ह्यांना एक बाटली आणायची आठवण राहत नाही."

दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर त्या आल्या आणि बघतात तर जाळीपलीकडे लिफ्ट थांबलेली. ना वर, ना खाली. अगदी त्या दोघींच्या समोर.

"थांबली की हो ही," आईचा आवाज आला. "आता काय करायचं?"

"घाबरू नका, आई," जावईबापू म्हणाले. "होईल चालू." त्यांचं तोंड आईकडे होतं आणि पाठ दाराला टेकलेली. मग मान थोडी वळवून, दार आणि जाळी यांच्या फटीतून, ते छोटीला ऐकू जाईल एवढंच बोलले. "चल ना. थांबलोय तुझ्यासाठी."

आतून हे कोणाला दिसलं नसतं. पण जिन्यावरून सगळं दिसत होतं. त्यांचा उजवा हात पाठीमागे होता आणि दाराच्या कडेवर चारही बोटं होती.

छोटीचा श्वास घरघरायला लागला. ताईने तिच्या पर्समधून पंप काढून तिच्या हातात दिला. छोटीने तो ओढला, थांबली, पुन्हा ओढला. घाई केली नाही. मागे जमाव तुंबला होता. काय झालं, काय झालं, असं विचारत माणसं जाळीपाशी वाकून बघू लागली.

"दारावरची बोटं काढा," छोटी म्हणाली. आजवर तिने त्यांना अरे-तुरेच केलं होतं. "पाठही काढा. लिफ्ट चालू होईल."

"अगदी सिनेमातल्यासारखं," जिन्यावरचं कोणीतरी म्हणालं आणि हसलं. मग आणखी दोघं-तिघं हसली. शिंपी वरून ओरडून विचारत होता, "साहेब आहेत का आत? पुठ्ठा आहे ना जवळ?" हास्याची लाट जिनाभर पसरली. फक्त नर्सबाई पायऱ्या उतरून पुढे आल्या आणि ताईच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्या हसत नव्हत्या.

जावईबापू छोटीकडे बघत राहिले. काही बोलले नाहीत. तीच ती शांतता. ताईने छोटीचा हात दाबला, पण त्याची गरज नव्हती. छोटीही गप्पच राहिली. ओठ मिटून, पंप मुठीत धरून, पापणी न हलवता. बघता बघता जिन्यावरचं हसू विरलं. एकेक माणूस गप्प होत गेलं. पाठीमागची बोटं सगळ्यांनाच दिसत होती.

बोटं निघाली. दार खट्‌कन बसलं आणि लिफ्ट हलली. आधी जावईबापूंचे पाय, मग कंबर, मग चेहरा, असं सगळं हळूहळू जाळीमागे खाली गेलं. चेहरा शेवटपर्यंत वर वळलेला होता.

"बघा, लागली चालू," खालून आईचा आवाज आला. "तुम्ही होतात म्हणून."

"खाली उभा असेल तो," ताई म्हणाली.

"असेल." छोटीने बोटातली साखरपुड्याची अंगठी फिरवून फिरवून काढली. बोट सुजलं होतं, वेळ लागला. "उद्याही असेल. माझ्या कार्यशाळेच्या दारातही असेल." तिने एक लांब श्वास घेतला. "पण आई त्याच्याबरोबर आहे ना. चल लवकर."

आणि छोटी पुढे झाली.